ऑइलमध्ये पाणी आहे का? नव्या डिझेल मेकॅनिकसाठी थोडं अनुभवाचं

आयटीआय करून वर्कशॉपला लागलेल्या पोरांना 'ऑइलमध्ये पाणी' म्हटलं की दुधाळ झालेलं ऑइलच आठवतं. पण तो रंग दिसेपर्यंत बेअरिंगची वाट लागायला सुरुवात झालेली असते. आपलं काम त्याच्या आधी सुरू होतं.

रात्रभर उभ्या गाडीची डिपस्टिक सकाळी स्टार्टर मारायच्या आधी बघा. टॉप-अप न करता लेव्हल वर चढली असेल, तर आत पाणी तरी येतंय नाहीतर डिझेल. मग ड्रेन प्लग हळूच सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी जड, रात्रभरात संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळाशी बसतं, त्यामुळे पहिले थेंब त्याचेच येतात. इंजिन फिरवलंत की सगळं घुसळलं जातं, मग हे कळत नाही.

थेंब आले नाहीत तरी क्रॅकल टेस्ट करा. हॉटप्लेट साधारण 150 अंशांपर्यंत तापवायची आणि ऑइलचा एक थेंब सोडायचा. पाणी असेल तर बुडबुडे येऊन तडतडतं, नसेल तर थेंब नुसता पसरतो. गॉगल घाला, ऑइल उडतं. डिझेल मिसळलं असेल तर ऑइल पातळ लागतं आणि वास येतो. अगदी कमी पाणी, 0.05 टक्क्यांच्या खालचं, या टेस्टमध्ये सापडत नाही.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा लगदा दिसला की लगेच हेड खोलायला धावू नका. थंडीत जेमतेम दोन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत नुसत्या वाफेनेही तो जमतो. गाडी लांब पळवा, झाकण पुसा, कूलंटची (रेडिएटरमधल्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) लेव्हल उतरते का ते बघा.

पोरं फसतात ती ऑइलच्या लॅब रिपोर्टवर. पाणी शून्य आलं की फाईल बंद! गरम इंजिनात पाणी उडून जातं, पण कूलंटमधलं सोडियम, पोटॅशियम ऑइलमध्येच राहतं. ते आकडे मागच्या रिपोर्टपेक्षा वाढलेत का ते आधी वाचा. सँपलही इंजिन गरम असताना, डिपस्टिकच्या नळीतून पंपाने, संपच्या मधल्या थरातून आणि कोरड्या बाटलीत घ्यायचं. तळाचं दिलंत तर रिपोर्ट भलतंच सांगेल.

आता पाणी आलं कुठून? ऑइल कूलर (कूलंटने ऑइल थंड करणारा भाग) फुटला असेल तर चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर जास्त, म्हणून रेडिएटरमध्ये तवंग दिसतो. इंजिन बंद केलं की ऑइलचं प्रेशर पडतं, रेडिएटरचं टिकून राहतं आणि पाणी उलटं ऑइलमध्ये शिरतं. वेट लायनरच्या इंजिनात (जिथे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागतं) संशय लायनरच्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी सीलवर, नाहीतर लायनरला पडलेल्या बारीक भोकांवर. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतणाऱ्यांच्या गाड्यांत ही भोकं हमखास (मालकाला कूलंट महाग वाटतं, लायनर किट नाही!). संप उतरवा, रेडिएटरला हातपंपाने साधारण 1 बार प्रेशर द्या आणि खालून टॉर्च मारून बघत राहा. कुठल्या लायनरखाली थेंब धरतोय ते दिसतं. कधी तासभर वाट बघावी लागते.

दुरुस्तीनंतर नवं ऑइल-फिल्टर टाकून थोडा वेळ चालवा आणि तेही काढून टाका. गॅलरीतला (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांतला) उरलेला चिखल त्यातच निघतो.