एसटीएमखाली (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली) रेणूंची जाळी विणताना बघायची असेल तर

पहिल्यांदाच करत असाल तर ट्रायमेसिक अ‍ॅसिडच घ्या, छोटा त्रिकोणी रेणू आहे, तीन टोकांना तीन कार्बोक्झिल गट, ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आपोआप तयार होते, भोकापासून भोकापर्यंत साधारण 1.6 नॅनोमीटर. व्हॅक्यूम लागत नाही, खोलीच्या तापमानाला द्रवातच होतं.

ग्राफाइटवर चिकटपट्टी दाबायची आणि हळू ओढायची, पट्टीवर अखंड चकचकीत थर आला पाहिजे, तुकडे आले तर परत ओढा. टिपसाठी, म्हणजे पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरणाऱ्या टोकदार सुईसाठी, प्लॅटिनम-इरिडियमची तार कटरमध्ये तिरपी धरून कापता कापता ओढायची, टोकाला काही लागू द्यायचं नाही.

आता लगेच थेंब टाकू नका! आधी कोरडं ग्राफाइट स्कॅन करा, 0.246 नॅनोमीटर अंतरावरच्या ठिपक्यांची रांग स्वच्छ दिसली तरच पुढे, नाहीतर टिप बदला. मग ट्रायमेसिक अ‍ॅसिडचं नोनॅनॉइक अ‍ॅसिडमधलं संपृक्त द्रावण, वरचं निवळ तेवढं, एक थेंब. बायस (टिप आणि ग्राफाइटमधला विद्युतदाब) 1 व्होल्टच्या आसपास, करंट 50 ते 100 पिकोअँपियर, आणि ड्रिफ्ट, म्हणजे फोटोचं हळूहळू सरकणं, कमी होईपर्यंत थांबा.

जाळी दिसली की खूप आनंद होतो, पण मोजमाप लगेच खरं धरू नका. अर्ध्या फ्रेमला बायस 50 मिलिव्होल्टपर्यंत उतरवा आणि करंट वाढवा, टिप खाली सरकते, रेणूंचा थर बाजूला होतो आणि खालचं ग्राफाइट दिसायला लागतं. एकाच फोटोत वर जाळी, खाली ग्राफाइट, म्हणजे ग्राफाइटच्या माहीत असलेल्या अंतराची मोजपट्टी तुमच्या हातातच आली ना. माझ्या मते हे न करता दिलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

हीच युक्ती ढवळाढवळ करायलाही चालते. 20 नॅनोमीटरच्या चौकोनात टिप जवळ नेऊन दोनतीनदा स्कॅन करा, मग जुन्या सेटिंगवर येऊन 100 नॅनोमीटरचा फोटो घ्या. मधे खरवडलेली जागा असेल, आणि पुढच्या फ्रेम्समध्ये द्रावणातले रेणू येऊन ती कडेकडेनं भरत जातात, कधी भरलेला तुकडा शेजारच्या जाळीपेक्षा वेगळ्या कोनात बसतो. ते बघताना फ्रेम संपू नये असं वाटतं.

बायसची दिशा उलटी करूनही बघा, अशा ट्रायकार्बोक्झिलिक रेणूंमध्ये काही वेळा मोकळी जाळी मोडून दाट रचना येते आणि परत फिरवलं की जाळी परत येते. फक्त प्रत्येक फाइलच्या नावात बायस, करंट आणि स्कॅन वर जाणारा की खाली येणारा हे लिहून ठेवा.