चक्कर आणि तोलाचे व्यायाम: या चुका टाळा

चक्कर कमी व्हावी म्हणून दिलेला व्यायाम करताना गरगरलं की बरेच जण तो तिथंच सोडून देतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग एका बाजूने दुबळा झाला, तरी मेंदू नव्याने जुळवून घेऊ शकतो. त्यासाठी आधी त्याला गडबड जाणवावी लागते. मान आखडून, डोळे मिटून पडून राहिलात तर तो शिकणार कशावरून?

थोडी चक्कर यायलाच हवी. थांबल्यावर १५-२० मिनिटांत ओसरली, तर मात्रा बरोबर आहे. तासभर मळमळत राहिलं तर वेग कमी करा, बसून करा, पण बंद करू नका.

नजर स्थिर ठेवायच्या व्यायामात कार्डावर एक ठळक अक्षर लिहून हातभर अंतरावर धरतात आणि नजर त्यावर खिळवून मान डावी-उजवीकडे हलवतात. इथे काही जण मान इतकी सावकाश हलवतात की कानाला कामच उरत नाही. काहींचे मानेबरोबर खांदेही फिरतात. अक्षर धूसर होऊन नाचायला लागेल त्याच्या किंचित अलीकडे तुमचा वेग. दिवसातून एकदाच दमेपर्यंत करण्यापेक्षा तीनदा चार-चार मिनिटं करा.

कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंदच गरगरत असेल, तर गोष्ट वेगळी. बहुतेकदा कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेलेले असतात. त्यावर एप्ली पद्धत, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते खडे नलिकेबाहेर काढणं, एक-दोन बैठकांतही गुण देते, पण आधी कोणता कान, कोणती नलिका हे तपासावं लागतं. व्हिडिओ बघून अंदाजाने डोकं फिरवू नका, मानेचं दुखणं असेल तर मुळीच नाही.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या सुरुवातीचे दोन-तीन दिवस आधार देतात. महिनोन्महिने चालू राहिल्या तर मेंदूची जुळवाजुळव मंदावते. त्या कशा कमी करायच्या हे डॉक्टरांना विचारा.

तोलाचे व्यायाम खोलीच्या मधोमध नकोत. भिंतींच्या कोपऱ्याकडे पाठ, समोर खुर्ची, हात तिच्यापासून वीतभर वर. खुर्ची घट्ट धरून ठेवली तर तोल हात सांभाळतात, पाय नाही.

आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हात-पाय लुळा पडला, उभंच राहता येईना किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा.