गाळा मुदतीआधी सोडताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबाग असो की गणपती पेठ, पाच वर्षांचा भाडेकरार करताना सगळे चहा पिऊन सह्या करतात. मुदतीआधी बाहेर पडायचं कलम वाचलं जातं ते गाळा सोडायची वेळ आल्यावर. आम्हा वकिलांकडे तर त्याच्याही नंतर येतात, नोटीस स्वतःच टाईप करून पाठवल्यावर.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा. एका क्लासवाल्याचा करार 1 जूनपासूनचा, लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता येत नाही तो काळ, दोन वर्षांचं. पठ्ठ्यानं 1 मार्चला तीन महिन्यांची नोटीस दिली, 31 मेला बाकडी टेम्पोत भरली, बोर्ड उतरवला. करारात मात्र लिहिलेलं, ‘लॉक-इन कालावधी संपल्यानंतर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल.’ मालक म्हणाला, नोटीसच मुदतीआधी दिलीय, ती मी धरत नाही. दिवाळीच्या सुमारास त्याच्या वकिलाचं पत्र आलं: करार चालूच आहे, थकलेलं भाडं भरा. डिपॉझिट अडकलेलंच. नोटीसच लॉक-इननंतर द्यायची, की ती आधी देऊन करार फक्त नंतर संपवायचा, असे कलमाचे दोन्ही अर्थ निघत होते, त्यामुळे कोर्टात जायची हिंमत दोघांचीही झाली नाही. तडजोड झाली आणि क्लासवाल्याचं निम्मं डिपॉझिट गेलं.

अशा वेळी मी सरळ दोन नोटिसा देतो. एक आधी, आणि लॉक-इन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक, ‘पहिल्या नोटिशीस बाधा न येता’ असं लिहून. पोस्टाचे चार पैसे जास्त जातात, पण वाद फार तर तीन महिन्यांच्या भाड्यापुरता उरतो. ‘एवढं कशाला, साहेब’ म्हणणाऱ्यांना मी क्लासवाल्याची फाईल दाखवतो.

‘कायद्यात नोटिशीचे पंधराच दिवस आहेत’ हे कट्ट्यावरचं ज्ञान. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 106 करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच लागतं. आणि कारखान्यासाठी शेड घेतली असेल तर तिथेही सहा महिने आहेत.

व्हॉट्सॲपवर अंगठा आला म्हणजे नोटीस पोचली असं समजू नका. करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा. मालक वारले असतील तर सगळ्या वारसांना पाठवा, नुसत्या थोरल्या भावाला नको. महावितरणचं बिल, भाड्यावरचा जीएसटी, कापलेला टीडीएस नोटिशीआधीच मिटवा, कारण ‘थकबाकी नसल्यास’ हे दोन शब्द बहुतेक करारांत असतात. चावी शेजारच्या टपरीवर ठेवून जाऊ नका. मीटरचं रीडिंग लिहून ताबा पावतीवर मालकाची सही घ्या.

आता पुराचं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हापासून पूर आला की करार आपोआप रद्द, अशी समजूत पसरलीय. त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108(ई) म्हणतं, पुरानं जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरू करार रद्द ठरवू शकतो. ‘कायमचा’ वाचा. आठवडाभर गाळ साचला, रंग गेला, फर्निचर फुगलं, यात ते बसत नाही. अशा वेळी भाड्यात सूट मागा, ती मिळू शकते. कलमाचा धाक दाखवायला गेलात की सूटही जाते.

मालकही काही कमी नाहीत. स्वतः करार संपवल्याची नोटीस द्यायची आणि मुदत उलटल्यावरही यूपीआयवर आलेलं भाडं गपचूप ठेवायचं! त्याच कायद्याच्या कलम 113 खाली ती नोटीस सोडून दिल्यासारखी ठरू शकते. पैसे परत करा, नाहीतर ‘भाडं म्हणून नव्हे, वापराची भरपाई म्हणून स्वीकारले’ असं त्याच दिवशी लेखी कळवा. भाडेकरू निघावा म्हणून वीज-पाणी तोडणं तर राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात थेट गुन्ह्याकडे नेतं.

भाडेकरू लॉक-इनमध्येच निघून गेला की उरलेलं सगळं भाडं आपलंच, असंही मालक धरून चालतात. करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात आकडा लिहिलेला असला तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते. गाळा महिन्याभरात दुसऱ्याला दिला असेल तर नवा नोंदणीकृत करार समोरचा वकील नोंदणी कार्यालयातून काढून आणतोच, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.