नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी कौटुंबिक विनोदी चित्रपट कसा पारखावा

नऊ ते बारा या वयाच्या मुलांसाठी मराठीत रुळलेला वेगळा शब्द नाही. ती बालपणातून पुरती बाहेर पडलेली नसतात आणि कुमारवयात पुरती शिरलेलीही नसतात. भयपट निवडताना पालक या वयाचा विचार हमखास करतात. विनोदी चित्रपटाच्या बाबतीत मात्र पोस्टरवर हसरे कुटुंब आणि एखादा कुत्रा दिसला, की चौकशी तिथेच संपते. माझ्या मते खरी चौकशी इथेच अधिक लागते. भीतिदायक दृश्य आले तर मूल डोळे मिटून घेते. विनोद मात्र ते पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत कोणावर तरी वापरून पाहते. त्यामुळे चित्रपटात काय काय दाखवले आहे याच्या यादीपेक्षा तो आपल्याला कोणाला हसायला लावतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रमाणपत्र कसे वाचावे

सुरुवात प्रमाणपत्रापासूनच करावी, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. भारतात १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि पूर्वीच्या सरसकट ‘यूए’ श्रेणीचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले. यूए १३+ याचा अर्थ तेरा वर्षांखालील मुलांना बंदी असा नाही. त्यांना चित्रपट दाखवायचा की नाही ते पालकांनी ठरवावे, एवढेच तो शिक्का सांगतो. अमेरिकेत १९८४ मध्ये आलेली ‘पीजी-१३’ ही श्रेणीही पालकांना दिलेला कडक इशाराच आहे, मनाई नव्हे. ब्रिटनमध्ये २००२ पासून असलेल्या ‘१२ए’ श्रेणीत मात्र बारा वर्षांखालील मुलाला चित्रपटगृहात प्रौढ व्यक्तीबरोबरच जाता येते. दहा वर्षांचे मूल सात आणि तेरा या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये पडते, म्हणजे ज्या वयाबद्दल आपल्याला उत्तर हवे असते नेमके तेच शिक्क्यावरून मिळत नाही.

चित्रपटाचे वर्षही पाहावे. अमेरिकेत १९८४ पूर्वी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायची ‘पीजी’ आणि प्रौढांकडे झुकणारी ‘आर’ या श्रेणींमध्ये पायरीच नव्हती, त्यामुळे त्या काळातील काही ‘पीजी’ विनोदी चित्रपटांची भाषा आणि थट्टा आजच्या पालकाला चकित करील इतकी मोकळी आहे. तसेच ‘विस्तारित’ किंवा ‘अनरेटेड’ असे लिहिलेली आवृत्ती म्हणजे चित्रपटगृहात प्रमाणपत्र मिळालेला तोच चित्रपट, असे धरून चालू नये.

शिक्क्याशेजारी बारीक अक्षरांत कारण दिलेले असेल, तर ते अधिक उपयोगी असते. ‘रूड ह्यूमर’ म्हणजे बहुतेक वेळा शी-शू आणि ढेकर यांचे विनोद. या वयाची मुले त्यांवर लोळून हसतात आणि त्यातून फारसे काही बिघडत नाही. ‘सजेस्टिव्ह’ म्हणजे लैंगिक सूचकता. सर्वांत फसवा शब्दप्रयोग ‘थीमॅटिक एलिमेंट्स’ हा आहे, कारण आजारपण, मृत्यू, घटस्फोट असे काहीही त्यात मावते. कौटुंबिक विनोदी चित्रपटांत आई किंवा वडील पहिल्या काही मिनिटांतच वारलेले असणे ही तर जुनीच सोय आहे. आपल्या मुलाने अलीकडे असे काही अनुभवले असेल, तर कथेतील ही गोष्ट त्याला आधीच सांगून टाकावी. कथेचे रहस्य फुटले तरी चालेल.

यापुढची माहिती कॉमन सेन्स मीडियासारख्या वयानुसार शिफारस करणाऱ्या संकेतस्थळांवर आणि आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाच्या पालक-मार्गदर्शक विभागात मिळते. आयएमडीबीवरील नोंदी प्रेक्षकच लिहितात, म्हणून तेथील ‘सौम्य’ किंवा ‘तीव्र’ या शेऱ्यापेक्षा प्रत्यक्ष प्रसंगाचे वर्णन वाचावे. या याद्या शिव्या, मारामाऱ्या आणि मद्याचे पेले मोजण्यात चोख असतात. कुचेष्टा मात्र मोजता येत नाही, म्हणून ती त्यांच्या हाती क्वचितच लागते.

हसू कोणावर आहे

यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो: हा विनोद उद्या वर्गात जसाच्या तसा म्हटला, तर तो कोणाला लागेल? सतत खाणारा लठ्ठ मित्र, अडखळत बोलणारा शिक्षक, वेगळ्या ढंगाने बोलणारा शेजारी, साडी किंवा झगा घातला म्हणून हास्यास्पद ठरणारा पुरुष ही विनोदी चित्रपटांतील ठरलेली पात्रे आहेत, आणि त्यांच्यासारखे कोणीतरी प्रत्येक वर्गात बसलेले असते. या वयात आपण इतरांसारखे दिसतो का, बोलतो का, ही चिंता मुलांना रात्रंदिवस असते. अशा वेळी पडद्यावरचे हसू त्यांना वेगळेपणाची किंमत काय पडते ते शिकवून जाते.

म्हणजे लठ्ठ किंवा तोतरे पात्र चित्रपटात असूच नये असे मुळीच नाही. फरक ओळखायचा असेल, तर त्या पात्राला स्वतःची काही इच्छा आहे का, ते स्वतः कधी विनोद करते का, आणि इतर पात्रे त्याला हसतात तेव्हा कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा असतो, हे पाहावे. दीड तास त्याची टिंगल करून शेवटच्या दहा मिनिटांत त्याला मिठी मारणारे चित्रपट मी तरी क्षम्य मानत नाही, कारण मुले मिठी विसरतात आणि टोपणनाव लक्षात ठेवतात. एका नातलगाच्या मुलाला मी स्वतः निवडून दाखवलेल्या चित्रपटातील असेच एक टोपणनाव पुढे कित्येक महिने त्याच्या बाकावरच्या मित्राला चिकटले होते. त्या चित्रपटात एकही शिवी नव्हती.

चष्मा काढून केस मोकळे सोडताच ‘सुंदर’ ठरणारी मुलगी आणि नकार मिळूनही मागे लागणारा ‘गोड’ मुलगा, या दोन गोष्टीही याच कसोटीवर घासाव्यात. याउलट मोठी माणसे मूर्ख आणि मुले हुशार दाखवली म्हणून अनेक पालक नाराज होतात, त्याबद्दल मी बराच उदार आहे. ज्यांच्या हाती घरातील सगळे निर्णय असतात त्यांची थट्टा करण्यात अन्याय नाही. दुबळ्याची थट्टा करण्यात आहे.

द्व्यर्थी विनोद आणि खोड्या

कौटुंबिक चित्रपटात बरोबर बसलेल्या पालकांसाठी म्हणून काही द्व्यर्थी वाक्ये पेरलेली असतात. नऊ वर्षांच्या मुलाच्या ती डोक्यावरून जातात. बारा वर्षांच्या मुलाला ती अर्धवट कळतात, आणि आईवडील शेजारी बसलेले असताना अर्धवट कळणे फार अवघड असते. वाक्य निसटले तरी प्रसंग पुढे चालतो का, हे येथे पाहावे. चालत असेल, तर सोडून द्यावे. सगळा प्रसंग त्या सूचकतेवरच उभा असेल, तर तो चित्रपट मुलांसाठी केलेलाच नाही, नुसती जाहिरात तशी केली आहे.

धडपड आणि आदळआपट यांच्या बाबतीत अनुकरण किती सोपे आहे, एवढेच तपासावे. छपरावरून पडून टुणकन उठणारा माणूस मुलांना खोटा वाटतो. जिन्यावर गोट्या पसरणे, कोणाचे कपडे लपवणे, कोणाची फजिती मोबाइलवर चित्रित करून सर्वांना पाठवणे मात्र घरच्या वस्तूंनी करता येते, आणि चित्रपटात कोणाला खरी इजाही होत नाही. आपल्या मुलाला खोड्यांची हौस असेल, तर अशा चित्रपटाला नाही म्हटले नाही तरी तो एकट्याने पाहू देऊ नये.

वेळ थोडा असेल तर

आधी संपूर्ण चित्रपट पाहणे उत्तमच, परंतु ते नेहमी जमत नाही. झलक पाहून निर्णय घेऊ नये, कारण तिच्यात तोंडाळपणा गाळलेला असतो आणि चांगले विनोद अगोदरच वापरलेले असतात. त्याऐवजी सुरुवातीची पंधरा मिनिटे पाहावीत. पात्रांची ओळख ज्या विनोदांनी करून दिली जाते त्यांवरूनच चित्रपटाची वृत्ती उघड होते. मग मध्यावरचा एखादा समारंभ किंवा पार्टी शोधावी, कारण मद्य, नाच आणि सैल बोलणे बहुधा तेथेच एकवटलेले असते; आणि शेवटची वीस मिनिटे पाहावीत. मुले ज्या भाषेत पाहणार, त्याच भाषेत आपणही पाहावे. डब करताना विनोद नव्याने लिहिले जातात, आणि मूळ संवाद सौम्य असूनही उपशीर्षके शिवराळ असल्याचे किंवा नेमके उलटे घडल्याचे आढळते.

घरात सहा-सात वर्षांचे धाकटे भावंड असेल, तर निर्णय त्याच्याकडे पाहून घ्यावा. दोघांना वेगळे बसवण्याचे बेत फार टिकत नाहीत.

एवढे करूनही एखादा प्रसंग अंगावर येतोच. तेव्हा घाईने बंद करून रागावू नये; त्याने मुलाला एवढेच कळते की तो भाग मित्राकडे जाऊन पाहण्यासारखा आहे. चित्रपट संपल्यावर “तुला सर्वांत जास्त हसू कशाचे आले?” एवढेच विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत स्वतःचे मत सांगू नये. त्या उत्तरावरून पुढचा चित्रपट निवडणे पुष्कळ सोपे जाते.