जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? कुठलं घ्यायचं ते असं ठरवा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप त्यात बसतच नाहीत. मशीन धडधाकट असेल तर ते भंगारात देऊ नका, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका.

लिनक्सचे बरेच प्रकार मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, पण सुरुवात डिस्ट्रोच्या नावापासून करू नका. आधी एका कागदावर लिहा की कम्प्युटरवर आपण नक्की काय काय करतो. ब्राउझर, मेल, यूट्यूब, पीडीएफ, थोडं एक्सेल एवढंच असेल तर काहीच अडचण नाही, लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस पॅकेजमध्ये घरगुती हिशेब आरामात होतात. टॅली, ऑटोकॅड, फोटोशॉप किंवा श्रीलिपीवर डीटीपी करत असाल तर मात्र थांबा, ही सॉफ्टवेअरं लिनक्ससाठी बनवलेली नाहीत, वाइन (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणारं साधन) वापरून काही चालतात काही चालत नाहीत, आणि पोट ज्याच्यावर आहे ते अशा भरवशावर सोडू नये. तिथे दुसरं मशीन ठेवा नाहीतर ड्युअल बूट करा, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवा.

आता कुठलं घ्यायचं. नवख्या माणसाला मी लिनक्स मिंटच सांगतो. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे विंडोजवरून आलेल्याचा हात लगेच बसतो. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटच्या नेहमीच्या सिनॅमन एडिशनऐवजी एक्सएफसीई एडिशन घ्या, हलकी आहे. मिंट उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या एलटीएसवर (बरीच वर्षं अपडेट्स मिळणाऱ्या व्हर्जनवर) बांधलेलं असतं, म्हणून काही अडलं आणि नेटवर उबुंटूचं उत्तर सापडलं तरी ते बहुतेक वेळा इथेही लागू पडतं, शिवाय मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. फेडोरा पण छान आहे, फक्त त्याचं नवीन व्हर्जन दर सहा महिन्यांनी येतं आणि प्रत्येकाचा सपोर्ट साधारण १३ महिने, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करायची तयारी हवी. डेबियन एकदम भक्कम. आर्च नवख्याला अवघड, ते सध्या राहू द्या.

आणि एक, लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्डडिस्क असेल तर पहिले पैसे एसएसडीवर घाला, कुठलीही डिस्ट्रो निवडली तरी त्याच्याइतका फरक पडणार नाही.

इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, ८ जीबीचा पुरतो. त्यावर व्हेंटॉय नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की डिस्ट्रोची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची, आणि पेनड्राइव्ह मोठा असेल तर दोन-तीन डिस्ट्रो एकाच वेळी ठेवता येतात. असं इन्स्टॉल न करता चालवण्याला लाइव्ह मोड म्हणतात, त्यात वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण बंद करून उघडलं की लॅपटॉप जागा होतोय का, वेबकॅम, प्रिंटर, सगळं बघा. वायफाय नाही लागलं तर यूएसबी केबलनं मोबाइलचं नेट द्या, बऱ्याचदा त्यावरून ड्रायव्हर उतरवता येतो.

मराठी टायपिंग पण तेव्हाच तपासा, कारण इथे लोक उगाच वैतागून परत जातात. इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडलं की झालं. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, त्यात फोनेटिक आहे, आपलं गमभन पण आहे. मंगल फॉन्टमधली युनिकोड फाइल नीट उघडते, फक्त मंगल मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे जागी लोहित किंवा नोटो येतो आणि पानं थोडी मागेपुढे होतात. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट टाकल्याशिवाय इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल, अशा फाइली आधीच युनिकोडमध्ये करून घ्या.

सगळं पटलं की फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, विंडोज ठेवणार असाल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, आणि मगच इन्स्टॉलवर क्लिक करा. ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय निवडला की विंडोज आणि फाइली सगळंच जातं, म्हणून ते पान दोनदा वाचा. मिंट सुरू झालं की लगेच टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे एखाद्या अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टिम आदल्या स्थितीला नेता येते. तुमच्या फाइलींचा बॅकअप मात्र ते घेत नाही, तो वेगळाच घेत राहा.