प्रेसनोट उलटी वाचा : ठाणे-नवी मुंबईत बातमीदारी सुरू करताना

महापालिकेची प्रेसनोट उलटी लिहिलेली असते. आधी आयुक्तांचे नाव, मग विभाग, मग ‘नागरिकांनी सहकार्य करावे’. पाणी कधी बंद, ते तिसऱ्या परिच्छेदात. बातमी तिथून सुरू करा: कुठला भाग, कुठला वार, किती ते किती. कारण नंतर.

पण नुसती उलटवून भागत नाही. ठाण्याला पाणी चार ठिकाणांहून येते: पालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. एमआयडीसीने शटडाऊन घेतला की फटका मुख्यतः दिवा, मुंब्रा, कळव्याला. ‘ठाण्यात पाणी नाही’ असा मथळा गेला तर उरलेले शहर उगाच पिंपे भरत बसते. खाडीपलीकडे घोळ हद्दीचा. नेरूळ नवी मुंबई पालिकेत, खारघर २०१६ पासून पनवेल पालिकेत, आणि भूखंड निघाला की सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ. ‘खारघर, नवी मुंबई’ पत्त्यात चालते. पालिकेच्या बातमीत नाही.

पानावर जाहिराती आधी लागतात, बातम्या उरलेल्या जागेत. म्हणून बातम्या ठरवण्याच्या बैठकीत आपली बातमी दोन वाक्यांत सांगता यायला हवी. ‘घोडबंदरला कोंडी’ म्हणालात की विषय संपला, ती रोजचीच. गायमुख घाटाच्या दुरुस्तीसाठी अवजड वाहने वळवल्याची वाहतूक पोलिसांची अधिसूचना हातात असेल, तर तीच कोंडी डबल कॉलम, म्हणजे दोन स्तंभांची बातमी होते.

अभ्यासक्रमात गाल्टुंग आणि रुगे या नॉर्वेजियन संशोधकांची १९६५ची बातमीमूल्ये, म्हणजे कोणती घटना बातमी ठरते याचे निकष, येतात. त्यात बड्या व्यक्तींना मिळणारे झुकते माप आहे. प्रत्यक्षात त्याहून मोठा फरक जनसंपर्क अधिकारी पाडतो. ज्याच्याकडे तो आहे, त्याची बातमी फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडते. दिघ्यातल्या वस्तीची तशी येत नाही, तिथे जावे लागते. आठवड्यातला एक दिवस त्यासाठी राखून ठेवा. (तो दिवस सहसा कुणी आपणहून देत नाही.)

जागा कमी पडली की उपसंपादक कापतो ते खालून. दुसऱ्या बाजूचा खुलासा शेवटी टाकलात तर तोच आधी उडतो आणि सकाळी बातमी एकतर्फी छापलेली दिसते, कुणाचा तसा हेतू नसताना. खुलासा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात आणा. फोन उचलला नाही, तर किती वाजता केला तेही टिपून ठेवा.

क्रियापदे जपून वापरा. ‘म्हणाले’ साधे आहे. ‘कबूल केले’ लिहिताच माणूस दोषी होतो, ‘दावा केला’ने त्याच्यावर संशय येतो. दोष सिद्ध होईपर्यंत ‘आरोपी’च. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचे नाव कुणीच देत नाही, पण इमारत, शाळा किंवा आरोपीशी असलेले नाते निसटते आणि सोसायटीत ओळख पटते. पोलिसांच्या नोटमध्ये हे तपशील असले, तरी कॉपी (लिहिलेली बातमी) पाठवण्याआधी काढा.

छापून आल्यावर आपली मूळ कॉपी शेजारी ठेवून कापलेल्या ओळींखाली रेघ मारा. पंधरा दिवसांत कळते, तुमच्या डेस्कची कात्री कुठून चालते.