शब्दावर घेतलेले काम कागदावर कसे आणावे : खान्देशातील ठेकेदार, वास्तुविशारद आणि अभियंत्यांसाठी

खान्देशात बांधकामाची बरीच खाजगी कामे अजूनही ओळखीवर मिळतात. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील गोदाम असो की चोपड्यातील दुमजली घर, मालक, ठेकेदार आणि अभियंता एकमेकांना आधीपासून ओळखतात, आणि म्हणूनच 'हे लिहून द्या' असे म्हणणे संकोचाचे वाटते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही वैध ठरू शकतो. पण वाद दोन-तीन वर्षांनी उभा राहतो तेव्हा अडचण वैधतेची नसते, पुराव्याची असते.

कार्यादेश घेताना कामाची व्याप्ती, दर, मोजमापाची पद्धत, मुदत आणि विलंबाची भरपाई यांबरोबरच पत्रव्यवहाराचा पत्ता व ई-मेलही लिहून घ्यावा. ठेकेदाराची भागीदारी संस्था असेल, तर तिची नोंदणी वाद उद्भवण्यापूर्वीच करावी, कारण भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार अनोंदणीकृत संस्थेला करारातील हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा दाखल करता येत नाही. लवादाचे कलम हवे असेल, तर वाद लवादाकडे सोपवला जाईल आणि त्याचा निर्णय बंधनकारक राहील, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. 'अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम राहील' एवढ्याच वाक्याला अनेक ठेकेदार लवादाचे कलम समजतात. अशा मजकुराला न्यायालये नेहमीच लवाद-करार मानत नाहीत.

आराखडा करणाऱ्यांसाठी या भागातील सर्वांत मोठा धोका पायाखाली आहे. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन-तीन ऋतूंत भिंतींना तिरक्या भेगा पडल्या की मालक पहिल्यांदा संरचना अभियंत्यालाच गाठतो. म्हणून मृदा परीक्षणाचा खर्च मालक टाळत असेल, तर 'परीक्षण आवश्यक आहे आणि त्याशिवाय पायाचा आराखडा अंतिम करता येणार नाही' असे लेखी कळवावे व पोच घ्यावी. 'बाजूच्या प्लॉटवर असाच पाया घातला आहे' हा युक्तिवाद आपण सर्वांनी ऐकला आहे. तो वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण कुशल व्यावसायिकाने वाजवी काळजी घेतली का, एवढेच तेव्हा तपासले जाते. प्रत्येक नकाशावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख असावी, आणि 'बांधकामासाठी' हा शिक्का अंतिम प्रतीवरच असावा. फक्त आराखड्याचे शुल्क घेतले असेल आणि देखरेख आपल्याकडे नसेल, तर तसे नेमणूकपत्रातच लिहावे. नेमणूक मध्येच संपली, तर नगरपरिषद किंवा महानगरपालिकेलाही त्याच आठवड्यात कळवावे. रेरा अधिनियम, २०१६ (स्थावर संपदा नियमन व विकास कायदा) च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला संरचनात्मक दोष प्रवर्तकाला (प्रकल्प उभारून विकणाऱ्या बिल्डरला) विनामोबदला दुरुस्त करावा लागतो, आणि असा प्रवर्तक पुढे ठेकेदाराकडे व अभियंत्याकडे बोट दाखवतो.

ठेकेदाराच्या बाजूने हीच गोष्ट क्युरिंगची, म्हणजे काँक्रीटला पाणी देण्याची आहे. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार उष्ण व कोरड्या हवामानात काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. भुसावळच्या मे महिन्यात टँकर वेळेवर आला की नाही, ही नोंद साइट डायरीत रोजच्या रोज हवी, आणि पाणी पुरवण्याची जबाबदारी मालकाची असेल तर टंचाईचे पत्रही त्याच दिवशी जायला हवे.

विलंबाच्या बाबतीत तारीख हीच सर्व काही असते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ या ठरावीक निविदा नमुन्यातील कलम ६ नुसार अडथळा आल्यापासून ३० दिवसांत किंवा कामाची मुदत संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी येईल तोवर मुदतवाढीचा लेखी अर्ज करावा लागतो. जागा ताब्यात न मिळणे, नकाशा उशिरा येणे, वाळू घाटांचे लिलाव रखडणे, अशा प्रत्येक कारणासाठी वेगळे पत्र द्यावे. विलंब मालकामुळे झाला असेल, तर मुदतवाढ स्वीकारतानाच 'नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवत आहोत' असे लिहावे, कारण करार अधिनियमाच्या कलम ५५ खाली ही पूर्वसूचना निर्णायक ठरू शकते. उलट बाजूने दंड लावला गेला, तरी कलम ७४ नुसार करारातील आकडा ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते.

वाढीव कामात सर्वाधिक पैसे बुडतात. शाखा अभियंत्याने साइटवर 'करून टाका, पुढे बघू' म्हटले, तर संध्याकाळी ई-मेल पाठवावा : आज अमुक सूचना मिळाली, ती मूळ व्याप्तीबाहेर आहे, दर असा राहील. बी-१ मधील कलम ३८ नुसार बाबीचे परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांच्या आत वाढले तर दर सामान्यतः बदलत नाही, म्हणून मोजमाप पुस्तिकेतील आकडे दर बिलाला तपासावेत. लेखी आदेश नसताना करार अधिनियमाच्या कलम ७० खाली मोबदला मागता येतो, पण तो शेवटचा आधार समजावा. अंतिम बिलावर सही करताना मागणी शिल्लक असेल, तर 'हक्क राखून' असे सहीशेजारीच लिहावे.

पैसे मिळाले नाहीत, तर मार्चअखेर निधी येईल या आश्वासनावर वर्षे घालवू नयेत. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर केलेल्या कामाच्या मोबदल्याच्या दाव्याची मुदत काम झाल्यापासून साधारणपणे ३ वर्षे असते. ती तोंडी वायद्याने वाढत नाही, मुदतीतच दिलेल्या लेखी व सहीच्या कबुलीने नव्याने सुरू होते. दावा शासनाविरुद्ध असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीसही हिशेबात धरावी. व्हॉट्सअ‍ॅपवरील सूचना पुरावा म्हणून वापरायच्या असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून काम संपेपर्यंत फोन बदलू नये, आणि बदलावा लागलाच तर जुना फोन विकून न टाकता कागदपत्रांच्या फाइलीबरोबर कुलपात ठेवावा.